मोनोत गिटार पोकळ का होते?

प्रश्न : गिटारचा एकच ट्रॅक कॉपी करून डावीकडे-उजवीकडे टाकला आणि उजवा १० मिलिसेकंद उशिरा ठेवला. हेडफोनवर छान रुंद वाटतो, पण मोनो स्पीकरवर पोकळ होऊन मागे पडतो. उपाय?

उत्तर : दोष त्या १० मिलिसेकंदांचाच. मोनोत दोन्ही बाजूंची बेरीज होते आणि ५०, १५०, २५० हर्ट्झ अशा दर १०० हर्ट्झवर आवाज कापला जातो. ईक्यूने (ठरावीक फ्रिक्वेन्सींचा आवाज कमी-जास्त करणारं साधन) या खाचा बुजत नाहीत, त्यात वेळ घालवू नका. कॉपी काढून तोच भाग पुन्हा वाजवून रेकॉर्ड करा. दोन वादनांतला फरक सतत बदलत असल्याने खाचा एका जागी टिकत नाहीत. पुन्हा वाजवणं शक्य नसेल तर उशिराची बाजू ६ ते १० डेसिबलने उतरवा. रुंदी थोडी जाईल, खाचा मात्र उथळ होतील.

रुंदी वाढवणारं प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायचं इफेक्टचं साधन) लावलं असेल तर तेही बंद करून पाहा. काही प्लगइन एका बाजूची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटवतात, मग दोन्ही बाजू एकमेकींना खोडतात आणि मोनोत वाद्य जवळजवळ गायबच! कोरिलेशन मीटर (डाव्या-उजव्या बाजू एकमेकींशी किती जुळतात ते दाखवणारा) शून्याखाली रेंगाळत असेल तर संशय तिथेच घ्यावा.

तपासताना मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या मुख्य चॅनलवर) मोनो बटण दाबा आणि एकच स्पीकर चालू ठेवून हळू आवाजात ऐका. पूर्ण कडेला असलेली वाद्यं मधल्या गायनाच्या तुलनेत सुमारे ३ डेसिबल खाली जातात, तेवढं चालायचंच.