आईला दिवाळीचा फराळ नाशिकहून मला जर्मनीला पाठवायचा आहे. पोस्ट बरं की कुरिअर? आणि कस्टम्स लागतं का?

पोस्ट की कुरिअर हे नंतर बघू. खोक्यात काय भरलंय आणि फॉर्मवर काय लिहिलंय, पार्सल त्यावर सुटतं किंवा अडकतं. आमच्या घरी हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं, म्हणून आता इथे लिहिते.

मी स्टुटगार्टजवळ राहते, माहेर सातारा. एका दिवाळीला आईने माझ्यासाठी गोधडी शिवली, तिच्या आणि आजीच्या जुन्या साड्यांची. सोबत चकल्या, शेव, चिवडा, बेसनाचे लाडू. इथपर्यंत सगळं छान होतं. मग माझ्या दादाने कारभार हातात घेतला. खोक्यात दोन किलो कंदी पेढे घातले, कुठलंसं पोटाचं चूर्ण घातलं आणि पॅकिंग करून फॉर्म भरून देणाऱ्या एका एजंटकडे ते नेऊन दिलं. एजंटने फॉर्मवर एवढंच लिहिलं: गिफ्ट, मिठाई व कपडे, किंमत पाचशे रुपये. मी फोनवर ओरडत होते की एकेक वस्तू वेगळी लिहा, किंमत खरी लिहा, पेढे काढा. दादाचं उत्तर ठरलेलं: ‘अगं तो रोज पाठवतो, काही होत नाही.’

काय व्हायचं ते झालं. पार्सल दारात आलंच नाही, पत्र आलं की कस्टम्सच्या ऑफिसात येऊन सोडवून न्या. इथे खोकं ते उघडत नाहीत, तुमच्या हातात कटर देतात आणि समोर उघडायला लावतात. अधिकाऱ्याने आधी फॉर्म वाचला, मग लेबलवर छापलेलं भाडं वाचलं आणि मला विचारलं, पाचशे रुपयांच्या मालासाठी कोणी काही हजार रुपये भाडं भरतं का? काय बोलणार? एकदा फॉर्म खोटा वाटला की मग प्रत्येक पुडी उघडली जाते. चूर्ण बाजूला गेलं, कारण युरोपियन युनियनच्या बाहेरून टपालाने औषधं मागवायला इथे खाजगी माणसाला परवानगी नाही. पेढे माझ्यादेखत कचऱ्यात गेले. गोधडीवर मात्र तो माणूस रेंगाळला. हिची किंमत काय? जुन्या साड्यांच्या गोधडीची किंमत मी काय सांगू? आई टाके घालत असतानाचा फोटो फोनमध्ये होता, तो दाखवला. त्याने स्वतःच एक माफक आकडा धरला आणि कर न लावता सोडली. लाडू कसे सुटले ते मला विचारू नका. त्या दिवशी सुटले, तुमचे सुटतील असं नाही.

दादा आजही म्हणतो की मी नीट समजावलं नाही. कंदी पेढा खरपूस भाजलेला असतो, त्यात दूध कुठे राहिलं? दादा, पेढा खव्याचा आणि खवा दुधाचा. युरोपियन युनियनच्या बाहेरून टपालाने दूध आणि मांसाचे पदार्थ येऊ देत नाहीत आणि त्याचं एक मोठं कारण आहे लाळ्या-खुरकूत हा गुरांचा साथीचा रोग. घरी म्हशी आहेत, वर्षातून दोनदा तू त्यांना त्याचीच लस टोचून घेतोस, तुला तरी हे कळायला हवं. जानेवारी 2025 मध्ये बर्लिनजवळ पाणम्हशींच्या एका कळपात हा रोग निघाला, 1988 नंतर जर्मनीत पहिल्यांदाच, तेव्हा काय धावपळ झाली ती मी इथे पाहिली आहे. आणि ‘मग बॅगेतून आण’ हेही चालत नाही, बॅगेला तोच नियम आहे.

तर तुमच्यासाठी: एका खाजगी माणसाने दुसऱ्याला पाठवलेली, 45 युरोपर्यंत किमतीची भेट करमुक्त असते. दुकानाने परस्पर पाठवलं तर ती भेट धरत नाहीत, आणि 1 जुलै 2021 पासून अशा मालावर पहिल्या युरोपासून व्हॅट आहे. म्हणून घरचं असेल तर घरचं लिहा, विकतचं असेल तर बिल आत ठेवा. चकली, शेव, शंकरपाळे बिनधास्त पाठवा (तेलात तळलेले, तुपातले नव्हे). पेढे, बर्फी, तुपाची बरणी अजिबात नाही. कढीपत्ता, ताजी फळं नाहीत, त्यांना रोपांच्या आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं.

कुरिअरवाले खोक्याच्या आकारमानावरही वजन काढतात: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुतेक जण 5000 ने भागतात. चाळीस बाय चाळीस बाय चाळीसचं खोकं म्हणजे 12.8 किलो, आत चिवडा चारच किलो का असेना. हवेचे पैसे भरायचे नसतील तर चिवडा दाबून भरा. मी स्वतः स्पीड पोस्टवाली आहे, घाई असेल तर कुरिअर.

उलट दिशेने, म्हणजे इथून भारतात, वेगळीच गंमत. डिसेंबर 2019 पासून ‘गिफ्ट’ म्हणून टपालाने किंवा कुरिअरने करमुक्त काही येत नाही, अपवाद जीवनरक्षक औषधं आणि राखी. राखीसोबतची भेटवस्तू मात्र त्या अपवादात नाही. बाकी सगळ्यावर कर भरायचा.

हे सगळं जर्मनीचं आणि भारताचं. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली करमुक्तीची सवलत 29 ऑगस्ट 2025 ला गेली, करमुक्त भेटीसाठी 100 डॉलरची मर्यादा आहे. दुबईला किंवा सिंगापूरला कोणी असेल तर अनारसे पाठवू नका, खसखस तिथे अंमली पदार्थांच्या कायद्यात येते.

आणि एजंटने भरलेल्या फॉर्मचा फोटो सही करण्याआधी आईला तुमच्याकडे पाठवायला सांगा. दादाच्या मते चुकीला जबाबदार एजंट. पण खाली सही असते पाठवणाऱ्याची, आणि कस्टम्सच्या काउंटरवर उभं राहायचं असतं तुम्हाला.