फुटलं ते फुटलं

प्रश्न : 'ईव्ह ऑनलाइन' या इंटरनेटवरच्या अंतराळयानांच्या खेळात फुटलेलं यान परत मिळत नाही. पावसात आमच्याकडे वीज जाते, सोबत महिन्याची कमाईही. हा खेळ चुकीचा रचलाय असं नाही का वाटत?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : नाही हो! मी देवगडचा, म्हणजे तुमच्याच दुखण्याचा. गेल्या आषाढात ऐन चकमकीत वीज गेली. मेणबत्ती सापडेपर्यंत माझं मालवाहू यान खनिजासकट खलास. आई म्हणाली, "बरं झालं, जेवायला ये." पण यान कायमचं जाण्याच्या याच धाकावर हा खेळ २००३पासून टिकलाय. बहुतेक यानं खेळाडूच बांधतात. जुनी फुटतात म्हणून नव्यांना गिऱ्हाईक, म्हणून खनिजाला भाव.

मला खटकतं ते वेगळंच. इथे आपल्या पात्राची कौशल्यं घड्याळावर शिकली जातात, खेळ बंद असतानाही. आम्ही बागेत आंबे उतरवत असलो तरी शिकणं चालूच! झकास कल्पना. पण २०१६मध्ये कौशल्याची 'इंजेक्शनं' आली, म्हणजे वाट न बघता कौशल्य विकत घ्यायची सोय. आता पैसेवाला थेट रांगेत पुढे. ते मला अजून पचलेलं नाही.

तुम्ही यानाचा विमा उतरवा, आणि गणपतीपर्यंत स्वस्तातलंच यान बाहेर काढा. राउटर इन्व्हर्टरवर आहे ना?