पेशीपटलातून ये-जा: अकरावीत नव्याने शिकणाऱ्यासाठी

हा धडा जड वाटतोय तो नावांच्या गर्दीमुळे. नावं आत्ता पाठ करू नकोस. कुठलाही पदार्थ समोर आला की आधी दोनच प्रश्न विचार: तो जास्त संहतीकडून कमीकडे चाललाय का? आणि त्याला वाट द्यायला प्रथिन लागतं का?

ऑक्सिजन पटलातल्या मेदाच्या थरातून थेट जातो. तांबड्या रक्तपेशीत शिरणाऱ्या ग्लुकोजला प्रथिन लागतं, ऊर्जा मात्र लागत नाही. बहुतेक जण इथेच चुकतात. प्रथिन दिसलं की एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) लिहून मोकळे! ऊर्जा खर्च होते ती उलट दिशेने ढकलताना. सोडियम-पोटॅशियम पंप बघ: एका एटीपीवर ३ सोडियम आयन बाहेर, २ पोटॅशियम आयन आत. हे एकच उदाहरण नीट समजून घे, सक्रिय वहनाचा, म्हणजे ऊर्जा खर्चून होणाऱ्या वहनाचा, पाया पक्का होईल.

आणखी दोन चुका टाळ:
- 'अतिपरासारी' (विरघळलेले पदार्थ जास्त असलेलं) म्हणतात ते बाहेरच्या द्रावणाला, पेशीच्या तुलनेत.
- समतोल आला तरी रेणू थांबत नाहीत. दोन्ही बाजूंनी सारख्याच वेगाने ये-जा चालू राहते.

परासरण, म्हणजे पटलातून पाण्याची ये-जा, मात्र स्वतः करून बघच. बटाट्याच्या सारख्या लांब फोडी कर. काही साध्या पाण्यात, काही मिठाच्या दाट पाण्यात ठेव. दोनेक तासांनी वाकवून बघ. मिठातल्या लिबलिबीत, साध्या पाण्यातल्या ताठ. पाणी कुठून कुठे गेलं ते वहीत बाणाने दाखव.

जलविभवाची समीकरणं आत्ता बाजूला ठेव. आधी हे बाण न अडखळता काढता येऊ देत.