पुस्तक उघडलं की स्वार्थी वाटतं

"मॅडम, सेवेत मन रमतं, पुस्तकात नाही. अभ्यासाला बसलं की वाटतं, आपण फक्त स्वतःचं बघतोय." समुपदेशनाच्या कामात हे मी इतक्या मुलामुलींकडून ऐकलंय की आता फक्त आवाज बदलतो. आईवडिलांना तो आळसाचा बहाणा वाटतो. मला नाही वाटत. ही मुलं बहुधा खरंच हळवी असतात.

अशीच एक, बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला (ओळखीचे तपशील बदललेत). घरात पिढ्यान्‌पिढ्यांची वारी. आळंदी ते पंढरपूर दिंडीत पाणी वाटताना, थकलेल्या आजींचे पाय चोळताना तिला भरून पावायचं. घरी परतलं की औषधशास्त्राचं पुस्तक नकोसं. विषय राहिला होता.

"अगं, अभ्यास हीच पूजा समज," सोबत आलेले वडील म्हणाले. तिनं मान खाली घातली. वाक्य सोन्यासारखं, पण घरी त्याची छडी झाली होती.

'कशासाठी' सुटल्याशिवाय मी 'किती तास' विचारत नाही. वेळापत्रकं करून देणारे पुष्कळ आहेत. काही भेटींनंतर तिच्यापुढे एक गणित ठेवलं. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचंय, सेटचे, म्हणजे सलाईनच्या नळीचे, २० थेंब म्हणजे १ मिली. मिनिटाला किती थेंब?

"ऐंशीच्या आसपास?"

"बेडवर कोण आहे?"

"म्हणजे?"

"ज्यांचे पाय चोळलेस त्या आजी. हृदय कमजोर आहे त्यांचं."

ती गप्प झाली. मग कागद ओढून पुन्हा मांडलं. बेचाळीस आले. "मी जवळजवळ दुप्पट वेगानं सोडलं असतं. फुफ्फुसात पाणी झालं असतं त्यांच्या." आणि थोड्या वेळानं, स्वतःहून: "म्हणजे पुस्तक मिटते तेव्हा मी त्यांचीच सेवा टाळते."

हे मी पहिल्याच भेटीत सांगू शकले असते. पण मग तो छडीचा आणखी एक फटका ठरला असता. तिच्या तोंडून आलं म्हणून ते तिचं झालं, आणि तेवढी वाट बघता येणं हीच आमच्या कामातली खरी कमाई.

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात स्वकर्माच्या फुलांनी ईश्वराची पूजा सांगितलीय. घरी पारायणं होऊनही तिला ते मोठ्यांच्या कामाधंद्याबद्दल वाटायचं. विद्यार्थ्याचं स्वकर्म अभ्यासच ना! आपल्या परंपरेत ऋषिऋण, म्हणजे ज्ञान देणाऱ्यांचं ऋणसुद्धा अध्ययनानंच फेडायचं असतं.

पालकांनी मात्र हे मुलांना ऐकवू नये. विचारावं, हा धडा उद्या कोणाच्या कामी येईल? 'समाज' म्हटलं की काहीच दिसत नाही. इंजिनिअरिंगवाल्याला पुलावरून जाणारी एसटी दिसते, पशुवैद्यक शिकणाऱ्याला गोठ्यातली आजारी गाय दिसते. आणि सेवा बंद पाडू नका. या मुलीची वारी चालू आहे, परीक्षा तोंडावर असली की फक्त दिवस कमी करते.

पण झोप उडालीय, जेवण जात नाही, सेवेतही रस उरला नाही, असं दोन आठवडे चाललं असेल, तर पूजा-कर्तव्याच्या गोष्टी बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा.