काकडूत तंबू कुठे ठोकावा?

प्रश्न : आम्ही दोघं साठीचे. मुलगा ऑस्ट्रेलियात डार्विनला असतो. त्याच्यासोबत गाडीनं तिथल्या काकडू राष्ट्रीय उद्यानात जाऊन चार रात्री तंबूत राहायचं ठरतंय. तो म्हणतो, जूनमध्ये या. आम्हाला पक्ष्यांचं वेड, नांदूर मध्यमेश्वरला दर हिवाळ्यात जातो. जून बरा का? आणि मगरींची भीती कितपत खरी?
– एक वाचक, निफाड

उत्तर : पक्ष्यांसाठी जायचं असेल तर सप्टेंबर. मी डार्विनला नऊ वर्षं राहिले. जूनमध्ये रात्री छान गार असतात हे खरं, पण तेव्हा पाणी सगळीकडे पसरलेलं असतं आणि पक्षीही पांगलेले. तिथले मूळ रहिवासी, बिनिंज आणि मुंगुय, वर्षाचे सहा ऋतू मानतात. त्यातल्या ‘गुर्रुंग’मध्ये, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून, पाणथळी आटत जातात आणि उरलेल्या पाण्यावर पाखरं गोळा होतात. ममुकाला या पाणथळीवरच्या आडोशात बसून हजारो मॅगपाय गूज, म्हणजे तिथले काळे-पांढरे हंसासारखे पक्षी, चिखल उकरताना मी पाहिलेत. ऊन मात्र पस्तिशीपार जातं, रात्रीही उकडतं. जाळीचा तंबू घ्या.

मगरींची भीती पूर्ण खरी आहे. ‘खाऱ्या पाण्यातली मगर’ हे नाव फसवं, ती गोड्या पाण्यातही आरामात राहते. शिकारीमुळे ती संपत आली होती, 1971 साली तिला संरक्षण मिळालं आणि आता नद्या तिच्या आहेत. पहिल्याच सहलीत मी तांदूळ धुवायला पातेलं घेऊन काठाकडे निघाले होते. शेजारच्या तंबूतल्या आजोबांनी हाक मारून थांबवलं. पाणी अगदी संथ, काहीच दिसत नव्हतं. ते म्हणाले, रोज एकाच वेळी एकाच जागी कोण उतरतं, हे तिला कळतं. आजही ते पातेलं हातात घेतलं की पोटात गोळा येतो. तंबू पाण्यापासून किमान 50 मीटर लांब ठोका, भांडी नळावरच घासा, खरकटं काठाला टाकू नका.

चार रात्रींत सगळं बघायला जाऊ नका. उद्यान जवळजवळ 20,000 चौरस किलोमीटरचं आहे! डार्विन ते उद्यानातलं जबिरू गाव सुमारे 250 किलोमीटर, रस्ता डांबरी. दोन रात्री उबिरजवळ मर्लच्या तळावर काढा. उबिरच्या कातळावर थायलसिनचं, म्हणजे पाठीवर पट्टे असलेल्या, पोटाला पिशवी असणाऱ्या शिकारी प्राण्याचं, जुनं चित्र आहे. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून हा प्राणी हजारो वर्षांपूर्वी नाहीसा झाला. संध्याकाळी तिथून नदाबचं मैदान दिसतं, ते चुकवू नका. उरलेल्या दोन रात्री कुइंडाच्या तळावर. जिम जिम धबधब्याचा मोह टाळा, तिथे फोर-व्हील-ड्राइव्हच लागते.

अंधारात फार गाडी चालवू नका, वॉलबी (छोट्या कांगारूसारखे प्राणी) अचानक आडव्या येतात. उबिर ते मर्ल अंतर थोडं आहे, तेवढंही सावकाश या. गॅसचं डबडं विमानात चालत नाही, डार्विनला घ्या. उद्यानाचा पास आधीच काढून ठेवा.

कुइंडाजवळच्या यलो वॉटर या पाणथळीतली सूर्योदयाची बोट मात्र नक्की घ्या. तिथलं कमळ आपलंच, त्याच जातीचं. पानांवरून लांब बोटांनी चालत जाणारा कमळपक्षी नांदूरच्या कमळपक्ष्याचा चुलतभाऊ, फक्त याच्या कपाळावर लाल तुरा. दुर्बीण विसरू नका.