किल्ल्यांच्या माहितीची एकच डीव्हीडी विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालेल अशी कशी करायची?

तुमचा प्रश्न मला असा समजला. साताऱ्यातल्या तुमच्या गिर्यारोहण मंडळाला जिल्ह्यातल्या किल्ल्यांचे फोटो, नकाशे, थोडे व्हिडिओ आणि मुलांसाठी एक प्रश्नमंजुषा डीव्हीडीवर काढायची आहे. लोकांच्या घरी विंडोज, दोन शाळांच्या संगणक कक्षात लिनक्स, आणि ज्या देणगीदारांच्या पैशावर हे चाललंय त्यांच्याकडे मॅक. तर तीन वेगवेगळ्या डीव्हीड्या काढाव्यात का, आणि प्रश्नमंजुषेचं सॉफ्टवेअर तिन्हीकडे चालेल का?

डीव्हीडी एकच पुरेल. सॉफ्टवेअर मात्र नाही चालणार. त्यावर उपाय आहे, पण तो सॉफ्टवेअर न करण्याचा आहे. खाली सांगतो.

पोवई नाक्याजवळ माझं सीडी कॉपी आणि डीटीपीचं दुकान होतं. २००६ साली एका मंडळाच्या दीडशे सीड्या काढल्या. दुकानातल्या तिन्ही विंडोज मशीनवर घालून पाहिल्या, सगळं झकास. मग पुण्याहून फोन आला. मंडळाचे एक जुने सभासद तिथे छापखाना चालवत आणि त्यांच्याकडे अजून जुना मॅक ओएस ९ होता. पानं उघडत होती, पण एकही फोटो दिसत नव्हता आणि कुठलीच लिंक लागत नव्हती. कारण त्या मॅकला सीडीवरची लांब नावं दिसतच नव्हती, त्याला दिसत होती आठ अक्षरांवर छाटलेली नावं. पान शोधतंय 'अजिंक्यतारा' आणि डिस्कवर आहे 'अजिंक्य' नि पुढे दोन-तीन शून्यं. सगळ्या पुन्हा काढाव्या लागल्या. पहिल्या लॉटमधल्या उरलेल्या सीड्या आमच्या कोरेगावच्या शेतात ज्वारीवर पाखरं हाकायला टांगल्या. त्या कामाला त्या अगदी उत्तम निघाल्या.

असं का होतं, ते कळलं की निम्मं काम झालं. डिस्कवरचा मजकूर म्हणजे जमीन समजा आणि फाइलींची यादी म्हणजे उतारा. जमीन एकच, पण तिचे उतारे वेगवेगळ्या कचेऱ्यांत असू शकतात, आणि प्रत्येक संगणक आपापल्या कचेरीतला उतारा मागतो.

मूळ उतारा आयएसओ ९६६० या मानकाचा. १९८५ मध्ये काही कंपन्यांची माणसं अमेरिकेत टाहो सरोवराकाठच्या हाय सिएरा नावाच्या हॉटेलात जमली, तिथल्या मसुद्यावरून पुढे १९८८ मध्ये हे मानक ठरलं. त्याची सगळ्यात खालची पायरी फार कंजूष आहे. नावाला आठ अक्षरं, टिंबापुढे तीन, तीही फक्त इंग्रजी मोठी अक्षरं, आकडे आणि अधोरेखा. फोल्डरच्या आत फोल्डर आठ पातळ्यांपर्यंतच. पण म्हणूनच तो कुठलाही संगणक वाचतो.

मग विंडोज ९५ च्या वेळी मायक्रोसॉफ्टने त्यावर जोलिएट नावाचा दुसरा उतारा चढवला. त्यात ६४ अक्षरांपर्यंत नाव, तेही युनिकोडमध्ये, म्हणजे मराठीसह कुठल्याही लिपीत. युनिक्सवाल्यांनी रॉक रिज आणला. त्यात लांब नावांसोबत फाइलीचे हक्कही लिहिले जातात, म्हणजे ही फाइल चालवता येते की नुसती वाचता येते वगैरे. ॲपलची तर पद्धतच निराळी, एचएफएस आणि नंतर १९९८ पासून एचएफएस प्लस. हे सगळे एका डिस्कवर मावतात कसे? आयएसओ ९६६० ने डिस्कचे पहिले १६ सेक्टर, म्हणजे ३२ केबी जागा, मोकळी सोडलेली आहे. ॲपलचा नकाशा नेमका त्या मोकळ्या जागेत बसतो. फोटो डिस्कवर एकदाच असतो, सगळे उतारे त्याच जागेकडे बोट दाखवतात. त्यामुळे जागाही दुप्पट लागत नाही. (लिनक्सची इन्स्टॉल करायची आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवर उतरवूनही बूट होते, ती करामतसुद्धा याच ३२ केबीतली.)

आता तुमच्या कामाचं. विंडोजवर काढणार असाल तर डिस्क काढायचा इमेजबर्न हा प्रोग्रॅम फुकट आहे. त्यात फाइल सिस्टिम निवडताना आयएसओ ९६६०, जोलिएट आणि यूडीएफ (हा डीव्हीडीच्या काळातला नवा उतारा) तिन्ही असलेला पर्याय घ्या. लिनक्सवर के३बी या तशाच प्रोग्रॅममध्ये जोलिएट आणि रॉक रिज दोन्हींवर खूण करा. मॅकवर टर्मिनलमध्ये एचडीआययुटिलचं मेकहायब्रिड (hdiutil makehybrid) हे एकाच हुकमात मॅकचा आणि बाकीच्यांचा उतारा तयार करून देतं. आजचा मॅक आयएसओ, जोलिएट, यूडीएफ सगळं वाचतो, त्यामुळे तुमच्या देणगीदारांसाठी एचएफएसचा हट्ट धरायची गरज नाही. उलट जुना साधा एचएफएस वाचायचं मॅकने २०१९ च्या कॅटालिना या आवृत्तीपासून बंद केलंय. आणि एखादा व्हिडिओ ४ जीबीच्या वर गेला तर यूडीएफ लागेलच. पण मंडळाच्या डीव्हीडीवर एवढा मोठा व्हिडिओ कोण बघणार? कापा तो.

सॉफ्टवेअरकडे येतो. विंडोजचा प्रोग्रॅम मॅक चालवत नाही, मॅकचा लिनक्स चालवत नाही. उतारे कितीही चढवा, यात फरक पडत नाही. उतारा जमीन दाखवतो, नांगरून देत नाही. तीन वेगळे प्रोग्रॅम करून डिस्कवर ठेवता येतील, पण ते सांभाळणार कोण? कॅटालिनाने ३२ बिटचे सगळे प्रोग्रॅम एका दिवसात बाद केले. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे जुने प्रोग्रॅम उघडत नाहीत. त्या काळात मोठ्या हौसेने केलेल्या मल्टिमीडिया सीड्यांतले फोटो आजही निघतात, पण त्यांचा प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

म्हणून सगळं एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या पानांसारखं, करा. फोटो जेपेगमध्ये, व्हिडिओ एमपी४ मध्ये, प्रश्नमंजुषा साध्या जावास्क्रिप्टमध्ये. ब्राउझर तिन्हीकडे आहे. एक खोच ध्यानात ठेवा. प्रश्न वेगळ्या जेसन (JSON) फाइलीत, म्हणजे नुसत्या माहितीच्या फाइलीत, ठेवून पानाने ते मागवायचे, ही सवय वेबसाइटवर चालते. डिस्कवरून पान उघडलं की क्रोम सुरक्षेच्या कारणाने ती फाइल देत नाही आणि प्रश्नमंजुषा कोरी दिसते. प्रश्न सरळ एका जावास्क्रिप्ट फाइलीतच यादी करून लिहा आणि ती स्क्रिप्ट म्हणून जोडा. चालतं.

डिस्क घातल्यावर आपोआप उघडायचं तर ते फक्त विंडोजवर, ऑटोरन फाइलीमुळे. त्यातही 'ओपन'च्या ओळीला एचटीएमएल पान उघडता येत नाही, 'शेलएक्झिक्यूट' लिहावं लागतं. मी तर म्हणेन त्याच्या नादी लागू नका. कव्हरवर छापा, 'इंडेक्स नावाची फाइल उघडा'. लोक उघडतात.

नावांबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण दुकानात दहातली आठ रडगाणी नावांचीच असायची.

तुम्ही नमुन्यादाखल दिलेल्या यादीत 'अजिंक्यतारा पायऱ्या १' असं फाइलीचं नाव आहे. वाचायला छान, पण हा 'ऱ' फार खोडकर. युनिकोडमध्ये तो एक अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि 'र' खाली नुक्ता देऊनही. मॅकची एचएफएस प्लस पद्धत नाव साठवताना तो मुद्दाम तोडून र आणि नुक्ता असा ठेवते. शिवाय काही जुने कीबोर्ड 'र्‍य' हे र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह असं टाइप करतात. डोळ्याला तिन्ही पायऱ्या सारख्याच, संगणकाला तीन वेगळी नावं. पानातल्या लिंकमध्ये एक प्रकार आणि डिस्कवर दुसरा असेल, तर फोटो दिसणार नाही आणि कितीही निरखून पाहिलं तरी चूक सापडणार नाही. मी एकदा यात अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

तेव्हा फाइलींची नावं इंग्रजी छोट्या अक्षरांत, आकडे आणि अधोरेखा एवढ्यावरच भागवा. मधे मोकळी जागा नको. आठ अक्षरांत बसवलंत तर त्या पुण्याच्या मॅकवरसुद्धा चालेल. मराठी नाव पानाच्या आत हवं तेवढं मोठं लिहा, तिथे काही अडचण नाही. मजकूर युनिकोडमध्येच हवा. मंडळाच्या जुन्या स्मरणिकेतला मजकूर जुन्या डीटीपी फाँटमधला असेल तर आधी बदलून घ्या, नाहीतर दुसऱ्याच्या मशीनवर नुसती चिन्हांची भेळ दिसेल. युनिकोडसाठी फाँट सोबत द्यायलाही नको. विंडोजकडे निर्मला यूआय (जुन्या विंडोजकडे मंगल), मॅककडे देवनागरी एमटी, लिनक्सकडे बहुधा लोहित किंवा नोटो असतो.

छोट्या-मोठ्या अक्षरांचंही पाहा. कॅमेऱ्यातून फोटो येतो तेव्हा शेवटी मोठ्या अक्षरांत जेपीजी असतं, आणि आपण लिंक लिहितो छोट्या अक्षरांत. विंडोज खपवून घेतं. रॉक रिज असलेल्या डिस्कवर लिनक्स तंतोतंत नाव मागतं. तुमच्या दोन्ही शाळा नेमक्या इथे अडतील. आणि फोटोचा पत्ता कुठेही 'सी ड्राइव्ह'पासून सुरू होत नाही ना, ते पाहा. तसा पत्ता असला तर फोटो फक्त ज्याने पान बनवलं त्याच्याच संगणकावर दिसतो, आणि तोच सगळ्यांना छातीठोक सांगत असतो, 'माझ्याकडे तर चालतंय!'

सगळ्या प्रती काढायच्या आधी एकच डीव्हीडी काढा आणि ती घेऊन त्या शाळेत जा, मग देणगीदारांकडे जा. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपना ड्राइव्हच नसतो, मॅकला तर नाहीच. त्यांच्यासाठी तेच फोल्डर जसंच्या तसं पेन ड्राइव्हवर टाका, ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून. विंडोज आणि मॅक ते केव्हापासूनच वाचतात, लिनक्सच्या कर्नलमध्येही (म्हणजे गाभ्यातच) २०१९ पासून त्याची सोय आहे. वर सांगितलेले नावांचे नियम तिथेही तेच.

अजून एक. डीव्हीडीवर कागदी लेबल चिकटवू नका. ते एका बाजूने सुटतं, डिस्क ड्राइव्हमध्ये फिरताना थरथरते आणि मग लोक बर्निंगला नावं ठेवतात. छापता येणाऱ्या पांढऱ्या पाठीच्या डिस्क मिळतात, त्या घ्या.