बाबांच्या घराला ‘अंधार’ म्हणू नका

प्रश्न : मी 43 वर्षांची, पुण्यात बँकेत नोकरी करते. आमच्या घरी देव्हारा कधीच नव्हता. बाबा निवृत्त शिक्षक, आयुष्यभर बुवाबाजीविरुद्ध गावोगाव व्याख्यानं दिली. माझं लग्नही त्यांनी नोंदणी कचेरीतच लावलं. मीही चाळिशीपर्यंत पक्की नास्तिक. मैत्रिणीबरोबर नाताळची गाणी ऐकायला चर्चमध्ये गेले आणि खोडून काढायच्या इराद्याने बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान (येशूचं चरित्र) वाचायला घेतलं. आता मी प्रार्थना करते. ईस्टरला बाप्तिस्मा घ्यावा असं मनात आहे. पण येशूचं पुनरुत्थान अजून पुरतं पटत नाही. बाबा म्हणतील, बुद्धी गहाण टाकलीस. चर्चमधल्या एक बाई म्हणाल्या, “साक्ष देताना, म्हणजे विश्वासाकडे कशी आले हे चर्चमध्ये सर्वांपुढे सांगताना, ‘मी अंधारात वाढले’ असं सांगा, लोकांना भिडतं.” मिस्टरांचा विरोध नाही, ‘कागदपत्रांचं बघून घे’ एवढंच म्हणाले. काय करू?
— एक वाचक

उत्तर : ताई, सलाम.

त्या बाईंचा सल्ला आधी बाजूला ठेवा. मी 34 वर्षं पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होतो, साक्षी भरपूर ऐकल्या. चर्चच्या मंडळीला नास्तिक सापडला की जत्रेत बैल जिंकल्यासारखा आनंद होतो आणि मग त्याला मिरवायची घाई. मिरवायचं म्हणजे आधीचं आयुष्य जितकं काळं दाखवाल तितकं बरं! तुमचे बाबा खोटं बोलले नाहीत, अंगारे-धुपारे विकणाऱ्यांशी पदरमोड करून भांडले. ते घर अंधार असेल, तर उजेड कशाला म्हणायचं हे मला तरी सांगता येणार नाही.

आमच्याकडे वीज मंडळातले एक निवृत्त इंजिनिअर यायचे. तेही नास्तिक, आणि स्वभावाने भलते काटेकोर. दर गुरुवारी संध्याकाळी व्हेस्ट्रीतल्या (चर्चला लागून असलेल्या पाळकांच्या खोलीतल्या) बाकावर बसायचे, वहीत प्रश्न लिहून आणायचे. रविवारी सगळी मंडळी उभी राहून विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो याची ठरलेली कबुली, म्हणते, तेव्हा हेही म्हणायचे, पण ‘तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला’ आलं की तोंड बंद. पुढच्या ओळीला पुन्हा सुरू. मागच्या बाकावरच्यांनी हे टिपलं आणि पंचकमिटीत, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळात, तक्रार आली, की याला कसला बाप्तिस्मा देता? मी म्हटलं, जो न पटणारी ओळ म्हणत नाही, त्याच्या बाकीच्या ओळींवर माझा जास्त भरवसा आहे. बाप्तिस्मा मात्र पुढे ढकलला. वर्ष उलटून गेल्यावर ते म्हणाले, “सिद्ध झालं असं म्हणत नाही. पण आता ती ओळ म्हटली तर खोटं बोलतोय असं वाटणार नाही.” मग दिला. साक्षीच्या दिवशी कमिटीतल्या एकांनी हळूच सुचवलं, “अंधारातून आलो म्हणा.” तर हे माइकवरच म्हणाले, “मी अंधारात नव्हतो, एमएसईबीत होतो.” लोक बराच वेळ हसत होते. पुढचं सगळं मात्र कान देऊन ऐकलं.

तेव्हा ईस्टरचा आग्रह सोडा. ईस्टरला बाप्तिस्मा देण्याची रीत फार जुनी आहे, कॅथलिक मंडळींत प्रौढांना आजही शक्यतो पास्काच्या रात्री, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच, स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) देतात. पण त्याआधी त्यांची तयारी बरेच महिने चालते. आपल्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये इतर रविवारीही बाप्तिस्मा होतो. शंका संपल्याशिवाय घेऊ नका असं मी म्हणत नाही. शंका माझ्याही संपलेल्या नाहीत. पण पुनरुत्थान हा काही वगळता येण्यासारखा पोटविषय नाही. ते घडलं नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ, हे प्रेषित पौलाने बायबलमधल्या करिंथकरांच्या पत्रात स्वच्छ लिहून ठेवलंय. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळक विचारतील आणि तुम्हाला सर्वांसमक्ष ‘हो’ म्हणावं लागेल. तो ‘हो’ तुमच्या तोंडी खोटा वाटत नाही ना, एवढं बघा.

बुद्धी गहाण टाकण्याचं म्हणाल, तर पंडिता रमाबाईंकडे बघा. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नंतरही तिथल्या सिस्टरांशी त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवरून) पत्रोपत्री वाद घातले. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. ते काही नास्तिक नव्हते, पण आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी तुकोबांना नावं ठेवली नाहीत. तुमचा पूल तुमच्या बाबांनी बांधलाय. विरोधासाठी का होईना, ग्रंथ मुळातून वाचायचा, ही सवय कुणाची?

बाबांना बाप्तिस्म्याच्या आधी सांगा, समोर बसून. फोनवर नको, आणि सोबत पुस्तिका-बिस्तिका तर मुळीच नको. टिळकांच्या बाप्तिस्म्याने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं, काही वर्षं दोघं वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो थेट 1900 साली. घरच्यांना बाहेरून कळलं की ते असं लागतं. वाद जिंकायला जाऊ नका, बाबा तुमच्यापेक्षा मुरलेले वक्ते आहेत. काय वाचलं, काय वाटलं, कुठे अडलंय, तेही सांगा. ‘कुणी पैसे दिले का’ असं ते विचारतील. रागावू नका, त्यांनी असले प्रकार पाहिले असतील. आणि तेल शिंपडून कॅन्सर बरा करणारे महाभाग आमच्यातही आहेत, हे तुम्हीच आधी कबूल करा. त्या बाबतीत बाबांचा राग तुम्ही पुढेही बाळगा. चर्चला त्याची गरज आहे.

आता मिस्टरांचा मुद्दा. नास्तिक असलात तरी हिंदू घरात जन्मल्यामुळे कायद्याच्या लेखी तुम्ही आजवर हिंदूच. लग्नाचा दाखला काढून बघा. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल, तर धर्म बदलणं हे घटस्फोटाचं कारण होत नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याखाली असेल, तर लग्न आपोआप मोडत नाही, पण जोडीदाराला त्या कारणावरून घटस्फोट मागता येतो. बाबांच्या मिळकतीतला तुमचा स्वतःचा वारसाहक्क धर्मांतराने जात नाही. नाव बदलायची सक्ती नाही. बदललंत, तर राजपत्रात छापून घेऊन बँकेत, आधारला, सगळीकडे फिरावं लागेल, त्यापेक्षा आहे ते नाव छान आहे. धर्मांतराबाबतचे कायदे मात्र राज्यागणिक वेगळे आहेत आणि बदलतही असतात. म्हणून तारीख ठरवण्याआधी वकिलाला भेटा आणि तो काय म्हणाला ते पाळकसाहेबांच्याही कानावर घाला. आम्हा लोकांना तारीख आधी सुचते, कागद मागाहून.